सेल न मारता

तेल काल बदललं.
सतराचा पाना, तांब्याचा नवा वॉशर,
सिंगतेलाचा रिकामा डबा आडवा कापून केलेली परात,
आणि कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये
गाडीखाली उताणा मी,
एकसष्टाव्या वर्षी,
छातीवर टॉर्च.
बोल्ट सुटला तसं काळं, कोमट तेल
मनगटावरून थेट कोपरापर्यंत आलं.
वरून कुणीतरी म्हणालं, "काका, गॅरेजवाळो छे ने!"
आहे की. मला माहीत आहे.
पण मकरपुऱ्यात तीस वर्षं लेथवर काढली,
मशीनचं पोट दुखतंय की दात
हे आवाजावरून सांगायचो मी.
आपल्या गाडीचं तेल दुसऱ्याकडून बदलून घेणं म्हणजे
पाहुण्याला भांडी घासायला बसवणं.

साडेतीन लिटर, मोजून.
कांडी पुसली, बुडवली, पुन्हा पुसली, पुन्हा बुडवली.
मधाच्या रंगाची रेघ, दोन खुणांच्या बरोबर मध्ये.
रात्री झोप छान लागली.

आज सकाळी चावी फिरवली
तर तो नारिंगी पाना
स्पीडोमीटरच्या कुशीत तसाच पेटलेला.

मी खरंच रागावलो.
बॉनेट उघडून दाखवावं म्हटलं त्याला:
बघ बाबा, हे तेल, ही त्याची पावती,
हे माझं सोललेलं कोपर.

हेत्वी, तीन नंबरच्या ब्लॉकमधली, नववीतली,
वायपरमध्ये अडकलेला गुलाबी मांजा सोडवायला आली होती.
उत्तरायणाला अजून चार दिवस होते.
खणातलं पुस्तक तिनंच काढलं,
सहा वर्षांत मी कधी न उघडलेलं.
"अंकल, एने खबर नथी. एने कहेवुं पडे."
त्याला माहीतच नाही. सांगावं लागतं.

म्हणजे हा दिवा तेलाकडे बघतच नाही?
नाही. किलोमीटर मोजतो. दिवस मोजतो.
मग तेल न बदलताही विझवता येईल?
येईल, म्हणाली,
आणि मांजा बोटाला गुंडाळत राहिली.

ही गाडी दिगूची. माझा धाकटा.
त्यानं मला ती विकली.
विकली; दिली नाही.
आणि वर चाळीस हजार राहिलेत म्हणून
माझ्या नातीच्या बारशात, ऐन पंगतीत, आठवण केली.
दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन पाठवले
आणि बोलणं बंद.

राग केव्हा गेला, तारीख सांगता येणार नाही.
जुन्या सीलमधून जातं तसा गेला असेल,
थेंब थेंब, खाली डागही न पडता.
एक दिवस वाकून पाहिलं तर नव्हता.
पण वाकून मी पाहिलं होतं.
दिगू तिकडे वाघोडिया रोडला
रोज तोच दिवा बघत असणार.

हेत्वी वाचते: चावी ऑन. सेल न मारता.
ट्रिपचं बटण दाबून धरा.
दाबलं.
"छोडता नहीं, अंकल."
पाचाला काही नाही. सहाला काही नाही.
आठाला पाना लुकलुकला,
अकराला नुसत्या आडव्या रेघा,
आणि मग शून्य नव्हे,
दहा हजार.
एवढं पुढचं मला आजवर कुणी
इतक्या पटकन दिलेलं नाही.

ती गेली मांजा घेऊन.
काळ्या तेलाची परात भिंतीपाशी;
भंगारवाला शनिवारी येतो.
दिवा होता ती जागा आता काळी आहे
आणि मी उगाच तिथेच बघतोय.

फोन काढला. नाव अजून 'दिगू गाडी' असं आहे,
सौदा चालला होता तेव्हा टाकलेलं.
दोनदा साबण लावूनही बोटांवरचं तेल गेलं नव्हतं,
काचेवर अंगठ्याचा ठसा उमटला,
बरोबर त्या नावावर.
नुसता टेकवायचा, की दाबून धरायचा?

चावी ऑन आहे.
सेल अजून मारलेला नाही.